विमानात खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

(वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, गावातली पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आणि आता ती आईबापांना विमानाचं तिकीट काढून देतात. तिकीट निघतं, पण जागा कुठली ते कोणी बघत नाही. मग काकाजी मधल्या सीटवर बसून समोरच्या खुर्चीची पाठ न्याहाळत पुण्याला पोचतात. ज्या मातीत जन्म गेला ती वरून बघायची संधी अशी वाया जाऊ नये, म्हणून मी हा विषय घेतला.

चांगली बाजू कोणती, असं लोक विचारतात. दरवेळी चालेल अशी एकच बाजू नसते. आधी काय बघायचं ते ठरवा. मग नकाशावर पट्टी ठेवून नागपूरपासून उतरायच्या शहरापर्यंत रेघ ओढा. तोंड विमानाच्या नाकाकडे असताना डाव्या हाताची खिडकी म्हणजे ‘ए’. तीन-तीन खुर्च्यांच्या विमानात उजवीकडची खिडकी ‘एफ’.

लोणार घ्या. मुंबईची रेघ लोणारच्या उत्तरेकडून तीसेक किलोमीटरवरून जाते, पुण्याची रेघ दक्षिणेकडून, बरीच जवळून. म्हणजे मुंबईला जाताना सरोवर डावीकडे आणि पुण्याला जाताना उजवीकडे! निघालो दोन्ही वेळा नागपुरातूनच, सरोवर तेच, पण बाजू बदलली. परतीला पुन्हा उलटं. हवामान किंवा वाहतूक बघून विमान मार्ग थोडा बदलतं, त्यामुळे खात्री कोणी देऊ शकत नाही. तरी पुण्याच्या वाटेवर साधारण निम्मं अंतर गेलं की खिडकीला डोळे लावून बसा. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्टात झालेलं 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर आहे. काठावर उभं राहून त्याचा गोल पुरता डोळ्यांत मावत नाही. विमानातून तो एका नजरेत येतो.

आता ऊन. दिल्लीला विमान उत्तरेकडे जातं. सकाळचं असेल तर उजवीकडे सूर्य डोळ्यांवर येतो, तेव्हा ‘ए’ घ्या. संध्याकाळचं असेल तर ‘एफ’. मुंबईच्या वाटेवर हिवाळ्यात भर दुपारी ऊन डावीकडून येतं, आणि लोणारही डावीकडेच. तिथं मी ऊन सोसायला सांगेन.

शिवाय उन्हाची बाजू नेहमीच वाईट नसते. नागपूरहून कलकत्त्याला जाताना खाली भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेले तलाव, येतात. नवेगावबांध रेघेच्या उजवीकडे, दक्षिणेला आहे. हिवाळ्याच्या दुपारी त्या बाजूला बसलात तर पाण्यावरचं ऊन थेट तुमच्याकडे परततं. एक तलाव आरशासारखा लखकन पेटतो, विमान पुढे सरकलं की विझतो, तोवर पलीकडची बोडी, म्हणजे छोटा तलाव, पेटलेली असते. आपल्या पूर्व विदर्भात पूर्वजांनी किती पाणी अडवून ठेवलं, हे तेव्हा समजतं.

पावसाळ्यात जमीन ढगाखाली जाते. त्या दिवसांत सावलीची बाजू धरा. खालच्या ढगावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती कधी कधी सप्तरंगी गोल कडं दिसतं. ते सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसतं. जमीन बघायची असेल तर पाऊस उघडल्यानंतरचे दिवस उत्तम. मे महिन्यात धुरळ्यानं सगळं पांढुरकं होतं.

दार्जिलिंगकडे जाणाऱ्यांनी दिल्ली ते बागडोगरा डावी बाजू सोडू नये. हिमालय उत्तरेला, म्हणून जाताना ‘ए’, येताना ‘एफ’. हवा स्वच्छ असेल तर 8,586 मीटरचं कांचनगंगा ढगांच्या वर उभं दिसतं.

“पंख आडवा आला तं?” असं आत्ता एका ताईंनी विचारलं. फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मधल्या ओळींत पंखच दिसतो, म्हणून अगदी पुढची किंवा मागची ओळ मागा. पंखामागे लगेच बसलात तर इंजिनाच्या गरम हवेनं खालचं दृश्य थरथरतं, आणखी मागे जा. दोन पंख्यांच्या छोट्या एटीआर विमानात पंख खिडक्यांच्या वर असतो, तिथं ही अडचण कमी. खिडकीचे वेगळे पैसे बहुधा लागतात. पोरांना तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

आणि नवरा-बायको दोघं जाणार असाल तर शेजारी-शेजारी जागा घेऊ नका. एकामागे एक घ्या, 25 ए आणि 26 ए. दोघांनाही खिडकी मिळते.