हॅशच्या पुढे किती लिहावं?

(कोल्हापुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत एक तयार कॉन्फिग फाइल येते, म्हणजे ते सॉफ्टवेअर कसं चालावं हे ठरवणाऱ्या सेटिंगची फाइल. तिच्यात कमेंट, म्हणजे हॅशच्या (#) खुणेपुढे माणसासाठी लिहिलेल्या आणि प्रोग्रॅम सोडून देतो अशा टिपा, किती असाव्यात, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. प्रश्न बारीक वाटेल. पण तुमच्यातले बरेच जण उद्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचा सर्व्हर सांभाळायला लागाल. तिथे सोर्स कोड बघायची वेळ क्वचित येईल, ही फाइल मात्र पहिल्याच दिवशी उघडावी लागेल.

रेडिस या डेटाबेसच्या सातव्या आवृत्तीची फाइल दोन हजारांहून जास्त ओळींची आहे आणि त्यातल्या बहुतेक ओळी कमेंटच्याच. स्क्विड या प्रॉक्सीची (इंटरनेटची ये-जा मध्ये उभं राहून हाताळणाऱ्या सर्व्हरची) फाइलही एकेकाळी अशीच लांबलचक असायची. पुढे त्यांनी ती फोडली. चालवायची फाइल आटोपशीर ठेवली आणि सगळं स्पष्टीकरण 'डॉक्युमेंटेड' असं शेपूट लावलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये हलवलं. दोन्ही वाटा विचारपूर्वक घेतलेल्या आहेत, म्हणून ओळी मोजून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. कमेंटमध्ये काय लिहिलंय, ते बघावं लागतं.

पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस, या डेटाबेसची फाइल घ्या. तिच्यात 'वर्क मेम' (work_mem) या मेमरीच्या मर्यादेची एक ओळ आहे. सुरुवातीला हॅश (म्हणजे मूळ किंमतच चालू आहे), मग नाव, किंमत ४ एमबी, आणि पुढे कमेंट: किमान ६४ केबी. बस्स, एवढंच. आता कारखान्यातले रिपोर्ट हळू निघतायत म्हणून कोणीतरी ही फाइल उघडतो. सर्व्हरला ३२ जीबी मेमरी आहे. तो समजतो की हा आकडा सगळ्या डेटाबेसला मिळून आहे, आणि बिनधास्त २५६ एमबी लिहितो. प्रत्यक्षात ही मर्यादा प्रत्येक सॉर्टला (नोंदी क्रमाने लावण्याला) आणि हॅश टेबल बांधण्याच्या प्रत्येक कामाला (हा हॅश म्हणजे # ची खूण नव्हे) वेगवेगळी लागू होते. एकाच क्वेरीत अशी दोन-चार कामं असू शकतात. जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. शंभर जणांनी एकेकदाच तेवढी मेमरी घेतली तरी २५ जीबी झाले. रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. महिनाअखेरीला सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसले की मेमरी संपते आणि लिनक्सचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारी यंत्रणा, डेटाबेसची प्रोसेसच मारतो.

हे सगळं पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. पण तो माणूस त्या क्षणी मॅन्युअल वाचत नसतो, त्या ओळीवर कर्सर ठेवून बसलेला असतो. किमान ६४ केबी हे त्याला सांगून काय उपयोग? त्याहून कमी आकडा घातला तर सर्व्हर स्वतःच तक्रार करतो. 'प्रत्येक सॉर्टला वेगळी' एवढे तीन शब्द तिथे हवे होते.

आणि हीच फाइल दुसऱ्या बाबतीत उत्तम आहे. जी सेटिंग बदलल्यावर रीस्टार्ट लागतो, तिच्या शेजारी तसं लिहिलेलं आहे. नुसता हॅश परत लावला म्हणून जुनी किंमत लगेच परत येत नाही, सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावावी लागते, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. हात घालणाऱ्याला हात घालण्याआधी कळलं पाहिजे असं जे काही आहे ते फाइलमध्ये, बाकीचं मॅन्युअलमध्ये, असं माझं मत आहे. रेडिसच्या फाइलमध्ये, कुठल्या नेटवर्क पत्त्यावर जोडण्या घ्यायच्या ते ठरवणाऱ्या 'बाइंड'च्या ओळीवर मोठ्या अक्षरांत इशारा आहे, की सगळ्या नेटवर्कसाठी दार उघडणं धोक्याचं आहे. तिथे तो आवाज चढवलाच पाहिजे.

मग सगळंच लिहून का टाकू नये? कारण कमेंटचीही किंमत मोजावी लागते. डेबियन या लिनक्सवर तुम्ही फाइलमधली एक ओळ बदललीत, आणि पुढच्या आवृत्तीत मूळ लेखकाने कमेंटमधलं फक्त स्पेलिंग सुधारलं, तरी अपग्रेड मध्येच थांबतो आणि विचारतो: तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर शेजारी 'आरपीएमन्यू' असं शेपूट लावलेली नवी फाइल येऊन पडते. फरक बघायला जावं तर कमेंटच्या ढिगाऱ्यात खरा बदल सापडत नाही. शेवटी माणूस एंटर दाबतो आणि जुनीच फाइल राहते.

जुनी फाइल राहिली की तिच्यातल्या कमेंट खोट्या पडायला लागतात. दुरून सर्व्हरवर लॉगिन करायला वापरतात त्या ओपनएसएसएचच्या फाइलमध्ये मूळ किमती हॅश लावून दाखवायची पद्धत आहे. २०१५ मध्ये ७.० आवृत्तीत रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) लॉगिनची मूळ किंमत 'येस'वरून बदलली आणि रूटला पासवर्डने शिरणं बंद झालं. ज्याच्याकडे जुनी फाइल राहिली, त्याला हॅशमागे अजून 'येस' दिसतं. म्हणून खरी स्थिती फाइलला नाही, प्रोग्रॅमला विचारायची सवय लावा. ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅमला, एसएसएचडीला, मोठा टी देऊन (sshd -T) चालवा, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर असेल तर 'पोस्टकॉन्फ' चालवा.

कोणी म्हणेल, सगळं इंटरनेटवर आहे, फाइलमध्ये कशाला? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तशा दिवसांत बाहेरून माणूस येऊ शकत नाही आणि नेटचाही भरवसा नसतो. मशीनवरची मॅन पेजेस, म्हणजे सोबत येणारी मदतीची पानं, असतील म्हणावं, तर कंटेनरच्या (सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात चालवायच्या पद्धतीच्या) छोट्या इमेजमधून ती बहुतेकदा काढूनच टाकलेली असतात. तिथे उरते फक्त ही फाइल.

तुमच्यातल्या अनेकांनी मुक्तस्रोतात पहिलं योगदान काय द्यावं असं विचारलंय. तुम्ही रोज वापरता त्या सॉफ्टवेअरची फाइल उघडा. जी कमेंट फक्त सेटिंगचं नावच पुन्हा सांगते ती काढायला सुचवा, आणि जिथे एकक, रीस्टार्ट किंवा धोका सांगायचा राहिलाय तिथे एक ओळ घालून पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवा. इंग्रजी सोपं ठेवा, वाक्यं छोटी ठेवा. ती ओळ गडहिंग्लजला मराठी माध्यमात शिकलेली मुलगीही वाचणार आहे आणि व्हिएतनाममधला एखादा मुलगाही. पॅचसोबत त्या सेटिंगपायी कुणाची काय अडचण झाली हेही लिहा. मेंटेनर, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारे, आधी तेच विचारतात.