चोवीस फूट

(पहाट. गंगापूर रोडच्या बाजूचं मैदान. गवतावर दव.)

सकाळचे सहा. रस्त्यावर दूधवाले सोडले तर कुणी नाही. मैदानात मात्र कॉलेजच्या फुटबॉल संघातली अठरा मुलं पळतायत. काहींच्या पायात नवे स्टड आहेत, तर काहींच्या पायात कॉलेज संपवून गेलेल्या सीनियरने मागे ठेवलेले.

सराव सुरू झाला जुलैत. नाशिकची काळी माती पावसात बुटाला अशी धरते की दहा मिनिटांत पाय दुप्पट जड होतो. चेंडू टप्पा घेत नाही, पडला तिथेच रुततो. पाऊस उघडला की पांढऱ्या फक्कीनं मैदानाच्या रेषा मारायच्या आणि पुढच्या सरीत त्या वाहून जाताना बघायच्या. मला विचाराल तर या संघाचा सगळ्यात अवघड सामना इथेच झाला. बघायला कुणी नव्हतं, तरी रोज हजेरी पूर्ण असायची.

कोल्हापुरात पेठेचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं. आपल्याकडे पन्नास माणसं जमली तरी मुलांना हुरूप येतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागात आधी कॉलेजं आपापसात खेळतात. त्यांतून निवडलेली मुलं विभागाच्या संघात जातात. पुढे पुणे शहर, पुणे जिल्हा आणि नगर या विभागांशी गाठ पडते. यंदाची आपली स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की चार महिन्यांचा घाम तिथेच थांबणार.

(निफाड तालुका. द्राक्षबाग. छाटलेल्या काड्या.)

संघाचा गोलकीपर इथला. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. डोळे फुटून पोंगे, म्हणजे कोवळे कोंब, दिसायला लागले की डाउनी या बुरशीरोगाची धास्ती. पाऊस झाला तर फवारणीला दिवस-रात्र बघता येत नाही. स्पर्धा नेमकी याच आठवड्यांत आली.

त्याने वडिलांना एकदा गोलपोस्ट समजावून सांगितला होता. बागेत दोन ओळींत ९ फूट अंतर. गोलच्या दोन खांबांत २४ फूट, उंची ८ फूट.

"म्हणजे अण्णा, आपले तीन पट्टे धरा. त्यातले तीन फूट कमी."

"एवढं एकट्यानं राखायचं?"

त्या दिवशी बोलणं तिथेच राहिलं.

पहिला सामना २-०. दुसरा १-०, तोही शेवटच्या पाच मिनिटांत, कॉर्नरवरून. तिसऱ्याच्या आदल्या रात्री परतीच्या पावसानं निफाड झोडपलं. मैदानात बूट धरणारी मातीच बागेत ट्रॅक्टरची चाकं धरते. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर आत जाईना. बाप-लेकानं नळी ओढत दोन वाजेपर्यंत फवारणी केली. सकाळी त्यानं पहिली एस.टी. धरली, आणि शेजारच्या सीटवर अण्णा येऊन बसले.

(सामना. ओलं मैदान. गोलमागे उभा एक माणूस, डोक्याला टोपी, पायजम्यावर चिखल.)

वेळ संपली तेव्हा १-१. पेनल्टी शूटआउट. ११ मीटरवरून प्रत्येकी पाच किक. रात्रभर नळी ओढून त्याचे खांदे भरून आले होते, हे मैदानात दोघांनाच माहीत होतं. दुसरी किक त्यानं उजवीकडे झेपावून अडवली. आपल्या दोन हुकल्या. समोरच्यांची पाचवी डाव्या खांबाला घासून आत गेली. ४-३.

मुलं बराच वेळ चिखलात बसून राहिली. सरांनी कुणाला उठवलं नाही. मग कप्तान उठला, जाळी सोडली, नीट घडी घातली. जाळी फाटकी आहे, पण पुढच्या जुलैला तीच लावायची आहे.

परतीच्या एस.टी.त अण्णा ओझरपर्यंत गप्प होते.

"डावीकडं उशिरा गेलास."

"हो."

"पाय आधीच उजवीकडं टाकला होतास तू. मला मागून दिसला."

(बाग. संध्याकाळ. अण्णा दोन ओळींमधून पावलं मोजत चालतायत.)