हेइहाची मेला, असं कोण म्हणतं?

मित्रहो, 'टेक्कन थ्री', म्हणजे तो मारामारीचा व्हिडिओ गेम, म्हटल्यावर इथल्या निम्म्या लोकांचे अंगठे हलले असतील. गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजायचे, एडी गोर्डो हा लढवय्या घ्यायचा आणि दिसेल ते बटण बडवायचं. समोरचा वैतागून म्हणायचा, "बडवतोस काय, नीट खेळ की!" एखादा पोचलेला गडी मात्र हेइहाची घ्यायचा. मधे टक्कल, दोन्ही बाजूंना शिंगांसारखे उभे केस, सत्तरी ओलांडलेली. आज बोलायचंय ते या म्हाताऱ्याच्या मरणाबद्दल.

टेक्कनची कथा फेकाफेकीवरच उभी आहे. हेइहाचीनं पाच वर्षांच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून फेकलं. पोरगा वाचला आणि मोठा झाल्यावर त्यानं बापाला फेकलं. बापही वाचला, त्यानं पोराला ज्वालामुखीत टाकलं. चौथ्या भागात पोरगा पुन्हा हजर. २००४च्या पाचव्या भागाची सुरुवातच 'हेइहाची मिशिमा मेला' या बातमीनं होते. अर्थातच, मेला नव्हता.

मग सातव्या भागात काझुयानं बापाला लाव्ह्यात टाकलं. गेमचे तेव्हाचे निर्माते कात्सुहिरो हाराडा सांगत राहिले, या वेळी खरोखर मेला. जानेवारी २०२४मध्ये आठवा भाग आला, त्यात हेइहाची नव्हता. त्याची मुलगी रेना होती. लोकांनी मनाची तयारी केली. आणि त्याच जुलैमध्ये, लास व्हेगासच्या एव्हो या मारामारीच्या गेम्सच्या स्पर्धेत, पडद्यावर म्हातारा उभा!

तिथून चाहत्यांची जुंपली. एक पक्ष म्हणतो, आमची फसवणूक झाली. या पात्राला वर्षानुवर्षं आवाज देणारे दाइसुके गोरी २०१० साली गेले, त्यांच्यानंतरचे उन्शो इशिझुका २०१८ साली. या मंडळींना सातव्या भागातला शेवट म्हणजे रीतसर निरोप वाटला होता, आणि तो निरोप आता मोडीत निघाला. दुसरा पक्ष म्हणतो, टेक्कनमध्ये मेलेल्यावर विश्वास ठेवलात, चूक तुमची.

माझ्या मते दोघं वेगवेगळ्या हेइहाचीबद्दल भांडतायत. एकाला गोष्टीतला बाप हवाय, दुसऱ्याला हातातला गडी. ज्यानं त्याच्या ठोशांची लय बोटांत मुरवली, त्याच्या लेखी हेइहाची लाव्ह्यात पडला नव्हता, निवडीच्या यादीतून गायब झाला होता. त्याचं दुःख खरं आहे. आपल्या संगीत नाटकांत मेलेलं पात्र 'वन्स मोअर' आला की उठून पद म्हणायचं, असे किस्से सांगतात. प्रेक्षकांना मरणापेक्षा गाणं प्यारं होतं.

पण ते पात्र गाऊन झाल्यावर पुन्हा मरायचं, बरं का. इथं कंपनीनं त्याला कथेतही जिवंत केलं, तेही स्मृती गेली होती या कारणानं. हे कारण किती झिजलेलं आहे, हे आपल्या मालिका पाहणाऱ्यांना मी काय सांगू! शिवाय गडी विकत घ्यायचा, वेगळे पैसे मोजून.

खरं तर सोय घरातच होती. टेक्कनच्याच 'टॅग टूर्नामेंट' या गेममध्ये मेलेले-जिवंत सगळे एकत्र लढतात आणि मूळ कथेला धक्का लागत नाही. आठव्या भागातही हेइहाचीला तसंच, कथेबाहेर आणता आलं असतं. गडी मिळाला असता, मरणही राहिलं असतं. आता उद्या काझुयाला मारायची वेळ आली, तर हाराडांच्या जागी जो कोणी असेल, त्यानं ते प्रेक्षकांना पटवायचं कसं?