लेकरांना मानवंदनेला आणावं का?

(कारगिल विजय दिनाच्या आधी साताऱ्यात पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

एका आईची चिठ्ठी आली आहे. मुलगा चार वर्षांचा, गप्प बसत नाही, २६ जुलैला आणू का? ताई, जरूर आणा. गप्प बसणार नाही हे धरूनच आणा आणि कडेला, मागे उभ्या राहा. बिगुल वाजेल, कुठे कुठे हवेत फैरीही झाडतात. ते घरीच सांगून ठेवा. रडलाच तर बाहेर घेऊन जा, कुणाचा अपमान होत नाही.

आपल्या जिल्ह्यात सैन्य म्हणजे सुट्टीवर आलेला काका, कँटीनचं सामान, पेन्शनच्या रांगेतले आजोबा. अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आले. तेव्हा मुलांपासून लपवायचं असं यात काही नाही. पण आपण त्यांना आणतो कसे? मापाचा लष्करी गणवेश, गालावर तिरंगा, हातात प्लास्टिकची बंदूक, छातीवर पदकं. गणवेशाची हौस मी समजू शकतो. पदकं तेवढी नकोत. ती कुणीतरी मिळवलेली असतात.

मूल प्रश्न विचारणारच. ‘शोकशस्त्र’ म्हटल्यावर जवान बंदुकीची नळी जमिनीकडे करतात, मान खाली घालतात. उलटी का धरली? कारण ते दुःखात आहेत, एवढं उत्तर पुरतं. ‘ते काका कुठे गेले?’ याला मात्र ‘तारा झाले’ म्हणू नका. लढाईत मेले, परत येणार नाहीत, असं सांगा. मुलांना ते झेपतं. आवंढा आपण गिळतो.

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. चार वर्षांच्या पोराला हा आकडा म्हणजे काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर चाळिशीतल्या माणसालाही फारसं नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नावं नाहीत! दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, २०१९ पासून, त्यागचक्राच्या, म्हणजे तिथल्या गोलाकार भिंतींच्या, ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका जवानाचं नाव कोरलेलं आहे. अशी पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. वाचता येणाऱ्या मुलाला कुठल्याही स्मारकावर एकच नाव मोठ्याने वाचू द्या. जमलं तर त्याचं गावही शोधू द्या.

आता आयोजकांना एक सांगतो. मुलं आणायची म्हणताना शहिदाचं स्वतःचं मूल आपण सरळ मंचावर चढवतो. पाच-सहा वर्षांची पोर, समोर कॅमेरे, ‘बाळ, सलाम कर’. आणि सभागृह हुंदके देतं! त्या पोरीने आपल्याला रडवायचा मक्ता घेतलेला नाही. तिची खुर्ची आईशेजारी असू द्या. कंटाळली तर खेळायला जाऊ द्या. यंदाच्या पत्रिकेतून ‘वीरकन्येचे मनोगत’ मी काढायला लावलंय. पाहुण्यांची पाच भाषणं तशीच आहेत, तिथे माझं कुणी ऐकलं नाही.