कापसाच्या मागं मागं मुंबई: जुन्या वस्त्या पायी कशा पाहायच्या?

(धुऱ्यावर उभी. मागं फुटलेली पऱ्हाटी. हातात एक बोंड.)

नमस्कार, राम राम, जय भीम मंडळी. वेचणी चालू आहे, घरी बसून शूटिंग करायला सवड नाही, म्हणून कॅमेरा धुऱ्यावरच लावलाय. मागून बायांचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

विषय मात्र मुंबईचा आहे.

आपल्या विदर्भातली माणसं मुंबईला कशाला जातात? सहा डिसेंबरला दादरला. पेशंट घेऊन परळला. नाहीतर फाईल घेऊन मंत्रालयात. काम आटोपलं की रात्रीच्या गाडीपर्यंत अर्धा दिवस हाती उरतो. तो जातो गेटवेसमोर फोटो काढण्यात, नाहीतर फलाटावर पिशवी उशाला घेऊन झोपण्यात. मी दोन्ही केलंय. मागच्या खेपेला मात्र पैसे भरून जुन्या मुंबईतून पायी फिरले.

याला तिकडं हेरिटेज वॉक म्हणतात. दहा-पंधरा माणसं, एक गाईड, दोन-तीन तास आणि एकच वस्ती. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "चालाचे पैसे देल्ले तुनं?" दिले. वसूल झाले का, ते सांगते.

माझा पहिला वॉक फोर्टचा होता. फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला होता, इंग्रजांचा. भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, नाव तेवढं राहिलं. रविवारी सकाळी सातला आम्ही हॉर्निमन सर्कलला उभे. मधे गोल बाग, भोवती कमानींच्या इमारती, कमानींच्या माथ्यावर दगडात कोरलेली तोंडं. समोर पायऱ्यांचा टाऊन हॉल, १८३३ चा. हॉर्निमन हा इंग्रज संपादक. सरकारवर कडक टीका छापली म्हणून त्याच्याच सरकारनं त्याला १९१९ साली हद्दपार केलं, आणि स्वातंत्र्यानंतर आपण त्याचं नाव या चौकाला दिलं.

पण बाग व्हायच्या आधी इथं मोकळं मैदान होतं. बॉम्बे ग्रीन. तिथं कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या, जहाजाची वाट पाहत. गाईड पोरगा हुशार होता, पाठांतर पक्कं. म्हणाला, "इथं हिंटरलँडमधून कापूस यायचा."

मी विचारलं, "म्हणजे कुठून?"

"म्हणजे... आतून. सगळीकडून."

आता त्या गटात पायात स्लिपर घालून आलेली मी एकटीच. बाकीचे सगळे बूटवाले. मी म्हटलं, दादा, मी त्या हिंटरलँडचीच आहे, माझ्या घरी आत्ता चार क्विंटल पडलाय. सगळे हसले. तोही हसला. चांगला होता बिचारा. पण तेव्हापासून मी ठरवलं, मुंबई पाहायची तर या बोंडाच्या मागं मागं जाऊन पाहायची. आज तोच रस्ता सांगते.

(बोंड कॅमेऱ्याजवळ.)

हे पाहा. यातून सरकी काढली की राहते ती रुई. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो. १७० किलो रुई दाबली की एक गाठ. म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. पाच क्विंटल वेचायला किती बाया आणि किती दिवस लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरचा सट्टा, समुद्रात भराव टाकायच्या कंपन्या, काय विचारू नका. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन खाली आलं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे तेजी संपल्यावर. आपल्याकडं काय वेळेवर आलंय?

त्या पैशाची एक खूण अजून उभी आहे. राजाबाई टॉवर. कापसाचा मोठा व्यापारी आणि सट्ट्यातलं मोठं नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. १८७८ ला मनोरा पुरा झाला, २८० फूट उंच. आईला सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, दिसायचं कमी, म्हणून घंटा ऐकून वेळ कळावी, ही गोष्ट गाईड हमखास सांगतात. गोड आहे. पण मला त्यापेक्षा मनोऱ्यावरचे पुतळे आवडले, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे, आपापल्या पगड्या-फेट्यांसकट. मान दुखेपर्यंत पाहिले.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर काळा घोडा. गल्लीत एक निळं-पांढरं देऊळासारखं दिसतं. ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, १८८४ चं. बगदादहून आलेल्या ससून घराण्यानं बांधलेलं. त्यांचाही धंदा कापूस आणि अफूचा.

पण ज्यू म्हटलं की मला दुसरी जागा जास्त महत्त्वाची वाटते. मशीद स्टेशन. लोकल तिथं थांबते, आपण समजतो जवळ मशीद असेल. ते नाव म्हणे एका सिनेगॉगवरून पडलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेले सॅम्युएल दिवेकर, त्यांनी ते १७९६ ला बांधलं. दिवेकर! हे बेने इस्राएल, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलणारे. मला हे कोणत्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

त्याच बाजूला पायधुणी. नावातच सगळं आलं: पूर्वी मधे खाडीचं पाणी, ते ओलांडून आलं की पाय धुवायचे. पुढं मुंबादेवी, झवेरी बाजार, जामा मशीद, काळबादेवी. इथं गुजराती, मारवाडी, मेमन, बोहरी, कच्छी, सगळ्यांची दुकानं भिंतीला भिंत लावून. आणि यातच कॉटन एक्सचेंजची १९३० च्या दशकातली इमारत. रुईचे भाव अजूनही खंडीत बोलले जातात, ३५६ किलोची खंडी. सरकी काढणाऱ्या आपल्या जिनवाल्याच्या फोनवर जो आकडा येतो, तो कोणत्या गल्लीच्या तोंडचा होता, हे पाहायचं असेल तर इथं या. हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत आला की मात्र इतिहास सोडून भिंतीला चिकटायचं.

गिरगावातली खोताची वाडीही याच पट्ट्यात येते. लाकडी जिने-सज्जांची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच जुन्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चनांची घरं, पाहण्यासारखी. पण तिथं माणसं राहतात. आपल्या अंगणात कोणी अनोळखी कॅमेरा घेऊन शिरला तर आपण काय करू? तेवढं लक्षात ठेवा आणि पुढं चला.

आता गिरणगाव. लालबाग, परळ, वरळी. इथं सावकाश चला. मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५४ साली कावसजी दावर यांनी उभारायला घेतली. जमशेटजी टाटा मात्र कापसाच्या जवळ आले, नागपूरला, आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली. तो हिशोब किती साधा होता ना? माल जिथं पिकतो तिथं गिरणी. पण बऱ्याचशा गिरण्या मुंबईतच वाढत गेल्या, आणि त्यांच्याभोवती चाळी. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी, बायांनी चालवलेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक परत आतच गेले नाहीत. आज त्या जागेवर मॉल आणि काचेचे टॉवर. मधूनच गिरणीची एखादी धुराची चिमणी उभी दिसते.

लालबागच्या मसाला गल्लीत शिरले तर शिंकून शिंकून पुरेवाट झाली. मिरची कांडायचा आवाज, हळदीनं पिवळी झालेली फरशी. गाईडनं सांगितलेलं निम्मं तिथं ऐकूच आलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

परळला पेशंट घेऊन जाणाऱ्यांना आणि सहा डिसेंबरला जाणाऱ्यांना एक सांगते. चैत्यभूमी आणि राजगृह तुम्ही पाहताच. पण परळची बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळही पाहा. बाबासाहेब तिथं वीस वर्षांहून जास्त राहिले, राजगृह बांधेपर्यंत, बंगल्यात नाही, वाड्यात नाही, साध्या कामगार चाळीत. खोली क्रमांक ५० आणि ५१. जिना चढताना पायरी कुठं झिजली आहे ते बघा. गाईड लागत नाही.

बरं, गाईड घ्यायचा तर कसा? पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा. मराठीत सांगणार का? बरेचसे वॉक इंग्रजीत असतात, आणि "थोडं मराठी चालेल" म्हणजे शेवटी एक वाक्य. चार-पाच जण मिळून गेलात तर मराठीत सांगणारा मागता येतो. दुसरं, किती माणसं? पंचवीसच्या वर असतील तर मागच्याला फक्त पाठी दिसतात. फोर्ट रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असतात. काळबादेवी मात्र कामाच्या दिवशीच, रविवारी नुसती शटरं पाहाल. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते, तेव्हा बाहेर पडून आधी मागं वळून स्टेशनच बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दहा वेळा खालून गेले होते, वर मान केली नव्हती.

मी शेवटी हार्बर लाईननं कॉटन ग्रीनला उतरले. कापसाचं मैदान आधी फोर्टात होतं, १८४४ ला कुलाब्याला नेलं, नंतर इकडं शिवडीच्या बाजूला आलं. माणसाला गावातून उठवतात तसं नाव उठत गेलं. फलाटावर बोर्ड वाचला, कॉटन ग्रीन. रुईचा कण दिसला नाही. माझ्या पिशवीच्या शिवणीत तेवढा अडकलेला होता, घरून आलेला.

(मागून हाक.)

आले, आले! वजनाची वेळ झाली मंडळी. काटा माझ्याजवळ आहे आणि बाया उन्हात उभ्या आहेत. बंद करते.