ताईचे माहेर

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मेलबर्नमधील माझ्या बंधुभगिनींनो,

गणेशोत्सवाच्या तोंडावर भरलेल्या या मेळाव्यात भावंडांच्या पुनर्भेटीविषयी बोलावे, असे मंडळाने सुचवले, तेव्हा मी होकार कळवायला दोन दिवस घेतले. आमच्या घरात त्या भेटीआधी तीन वर्षांचा अबोला होता आणि तो वगळून भेटीचे वर्णन करणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते.

आम्ही चार भावंडे. थोरली ताई लग्न होऊन कुडाळला राहिली, मूळ घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. मी येथे, धाकटा भाऊ मस्कतला आणि सर्वांत लहान बहीण वडोदऱ्याला. आई पूर्वीच गेली होती. बाबा मे २०२१च्या पहिल्या आठवड्यात गेले. ते दिवस येथे अनेकांच्या लक्षात असतील. २७ एप्रिलपासून ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमाने थांबवली होती, ३ मेपासून भारतातून परत येणे हा येथील नागरिकांसाठीसुद्धा गुन्हा ठरला होता आणि येथून बाहेर पडण्यासही सरकारची खास परवानगी लागत होती. ओमानने २४ एप्रिललाच भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला होता, त्यामुळे भाऊ गेला असता तर नोकरीवर परतू शकला नसता. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. प्रत्यक्षात सहाच जमली. अग्नी ताईने दिला आणि आम्ही तिघांनी तो मोबाइलवर पाहिला.

इथवर दोष कोणाचाच नव्हता. पुढे जे झाले, त्यात माझा दोष आहे. वर्षश्राद्धही झाले नव्हते, तोच वारस नोंदीचा विषय निघाला आणि आम्ही दोघा भावांनी असे ठरवले की, घर आणि काजूची बाग आपल्या नावे व्हावी, म्हणून दोघी बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे. गावात असेच चालते, एवढाच आमचा युक्तिवाद होता. वास्तविक वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने दिला आहे आणि त्यासाठी ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. पण मला आज कायद्यापेक्षा वेगळी गोष्ट बोचते. ज्या बहिणीने बाबांच्या उशाशी रात्री काढल्या, तिला आम्ही मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिले, "ताई, सही करून ठेव." ताईने उत्तर दिले नाही. ती भावंडांच्या ग्रुपमधून बाहेर पडली. धाकटीने तिची बाजू घेतली आणि आमचे बोलणे थांबले.

परदेशी राहणाऱ्यांना एक सोय आहे, जिचा उल्लेख येथे करायला हवा. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते, ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घेता येते आणि मग आपण न जाताही कामे होतात. मीही तेच करण्याच्या बेतात होतो. ते कागद आजही माझ्या कपाटात कोरे पडून आहेत, याचे श्रेय धाकटीला आहे. २०२४च्या मे महिन्यात तिचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, तीन वर्षं आपला गणपती कोण आणतंय, तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. सिंधुदुर्गात गणपती मूळ घरात बसतो आणि चाकरमानी मुंबईहून तेथे जातात. घर बंद असले तरी चतुर्थीला ते उघडतेच. आमच्याकडे मूर्ती गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, आणायची ती घरातल्या पुरुषांनी, अशी रीत होती. ताई सासरचा गणपती बसवून, भावकीतल्या दोघांची नाराजी सोसून, बाबांच्या मागे दरवर्षी ती मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षाने आणत होती. मूर्तीवर टांगायची फळाफुलांची माटवी बांधून देण्यासाठी शेजारच्या काकांना विनवत होती.

७ सप्टेंबर २०२४ला चतुर्थी होती. आदल्या दिवशी पोहोचायचे म्हणून धाकटी आणि मी दादरला भेटलो आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने निघालो. चिपळूणपर्यंत आम्ही बाबांविषयी बोललो. त्यानंतर ती रडली आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भाऊ गोव्यात उतरून थेट घरी आला होता. ताई पडवीत उभी होती. मी मनात जुळवलेली क्षमायाचना तशीच राहिली, कारण तिने माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "इलंस? हातपाय धू नि जेवक बस."

मूर्ती आणायला आम्ही चौघे मिळून गेलो. मूर्तिकाराने सवयीने पाट भावापुढे धरला. भावाने दोन्ही हात मागे घेतले आणि ताईकडे पाहिले. पाट ताईनेच उचलला. आम्हा भावंडांत क्षमा मागितली गेली असेल, तर ती त्या वेळी.

खरी गोष्ट मात्र मला तीन दिवसांनी कळली. १० तारखेला गौरी आली. गौर म्हणजे माहेरवाशीण. तिला पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. ताई पहाटे उठून भाकऱ्या थापायला बसली, तेव्हा धाकटी तिला म्हणाली, "ताई, तुला या घरात कोणी ताट वाढून शेवटचं कधी दिलं?" ताईला आठवेना. आम्ही तिघे दूर असल्यामुळे माहेरापासून तुटलो, असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो. परंतु आम्हांला यायला घर उघडे होते. ते उघडे ठेवणारी ताई तेथे किल्ली सांभाळायला, कौले शाकारून घ्यायला आणि वीजबिल भरायला येत होती, माहेरपणाला एकदाही नाही.

त्या दिवशी धाकटीने ताईला चुलीपासून उठवले. भाकऱ्या धाकटीने केल्या, भाजी मी निवडली आणि भावाने विहिरीचे पाणी भरले. ताईला पाटावर बसवून आम्ही वाढले. ती दोन घासांनंतर थांबली, पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा जेवू लागली.

सातबारावर आता चौघांची नावे आहेत आणि हक्कसोडपत्राचा विषय कोणी काढत नाही. बागेच्या उत्पन्नाबाबत अजून मतभेद होतात, पण ते फोनवर, एकमेकांचा आवाज ऐकत होतात. यंदाही आम्ही तिघे चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचणार आहोत. गेल्या खेपेस गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ताई माजघरात सकाळी नऊपर्यंत झोपली होती. भाऊ दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हळू बोलायला सांगत होता.