पंच कोण होणार?

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना होता. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडच्या जंगलातल्या एका बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी आटत आटत मधोमध कढईएवढं डबकं उरलं होतं. सकाळी सातच्या सुमारास तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायांनी निरोप धाडला, म्हणून वनरक्षकाला घेऊन मी तिथं पोचलो. डबक्याकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना कोणीतरी बोरीच्या काटेरी फांद्या रचून वाट मुद्दाम चिंचोळी केली होती. त्या चिंचोळ्या जागी चितळाची मादी पडली होती. गळ्यात तार रुतलेली, तारेचं दुसरं टोक बुंध्याला बांधलेलं. मरण्याआधी तिनं खुरांनी जमीन उकरून काढली होती, आणि तार जेवढी पोचेल तेवढ्याच अंतरावर, कंपासनं काढावी तशी, मातीत अर्धगोल खूण उमटली होती. ती खूण मी अजून विसरलेलो नाही.

वनखात्यात माझी सगळी नोकरी गेली. वनरक्षक म्हणून लागलो, क्षेत्र सहायक म्हणून निवृत्त झालो. आज हरणांच्या शिकारीबद्दल बोलायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा ती सकाळच आठवली. चितळ मेलं म्हणून तर आठवलीच, पण त्यानंतरच्या दोन तासांमुळे जास्त आठवली. गुन्हा नोंदवायचा तर जागेवर पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला पंच हवेत. जमलेल्या माणसांपैकी एकेकाला मी विचारत गेलो.

“साहेब, आज फळीवर पुडे मोजून द्याचे हायेत.”

“माह्या घरी पाहुणे येऊन रायले.”

एकानं तर सरळ सांगितलं, “साहेब, तुमची बदली होईन. मले इथंच मराचं हाय.”

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

श्रोतेहो, आपला कायदा कच्चा आहे असा समज दिसतो. तो कच्चा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 सालचा. त्याच्या नवव्या कलमानं शिकारीवर बंदी आहे, आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालून मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, हाकारा करून जनावर पळवणं, एवढंच काय, यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्नही कायद्यात शिकारच आहे. जनावर मेलं नाही तरी गुन्हा होतो. रानातलं जनावर ही सरकारची मालमत्ता आहे. त्याचं मांस किंवा कातडं कोणाकडे सापडलं, तर ते आपल्याकडे कायदेशीरपणे आलं हे त्यानंच सिद्ध करायचं असतं. काळवीट, चिंकारा, चौसिंगा ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतली जनावरं. ती मारणाऱ्याला किमान 3 वर्षं कैद, जास्तीत जास्त 7. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांतला दंड 25 हजारांवरून तिनं 1 लाखापर्यंत नेला.

कागद एवढा भक्कम असूनही आरोपी सुटतात. का, ते मी पाहिलेलं सांगतो.

हरणाच्या गुन्ह्याला वेळ फार थोडा मिळतो. वाघ मारणाऱ्याला कातडं, नखं, हाडं लपवून ठेवावी लागतात, गिऱ्हाईक शोधावं लागतं, त्यात दिवस जातात आणि तेवढ्यात खबर फुटते. चितळाचं तसं नाही. रात्री दोनला सापडलं, तीनला सोललं, चारला वाटे पडले आणि दिवस उगवायच्या आत बारा घरांत चुली पेटल्या. कातडं नाल्यात पुरलं, मुंडकं दूर फेकलं. आठ वाजता वनरक्षक पोचतो तेव्हा त्याच्यासमोर रक्तानं भिजलेली माती असते आणि ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणणारं गाव असतं. पातेल्यातलं मटण कशाचं, हे डोळ्यांनी पाहून न्यायालयात सांगता येत नाही. बकऱ्याचं आहे म्हटलं की झालं.

इथं विज्ञानानं मोठा आधार दिला आहे. हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, या दोन्ही ठिकाणी मांसाच्या लहानशा तुकड्यातला डीएनए तपासून ते कोणत्या जनावराचं हे सांगता येतं. शिजवलेल्या रस्स्यातल्या फोडीवरूनही बरेचदा कळतं. पण तो तुकडा पातेल्यातून निघून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत जातो त्या वाटेवर प्रत्येक हाताचा हिशेब लागतो. कोणी काढला, कशात भरला, लाखेचं सील कोणासमोर लावलं, कोण घेऊन गेलं. यातला एक दुवा निसटला तर अहवाल कितीही स्पष्ट असो, वकील पहिल्याच प्रश्नात तो बाजूला सारतो. आणि ‘कोणासमोर’ या प्रश्नाचं उत्तर पुन्हा तेच, पंचासमोर.

आता जिवंत तारेबद्दल बोलतो, कारण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, फासापेक्षाही तिनं जास्त घात केला आहे. बांबूच्या गुडघाभर उंचीच्या खुंट्या ठोकतात, त्यांच्या डोक्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या बसवतात, त्यावरून बारीक लोखंडी तार ओढत नेतात आणि वरून जाणाऱ्या 11 केव्हीच्या लाइनवर आकडा टाकतात. काही ठिकाणी शेतातल्या मोटरपंपाचा वीजपुरवठाच तारेत सोडतात. अंधारात येईल तो जाईल. चितळ जातं, डुक्कर जातं, शेजाऱ्याची गाय जाते आणि कधी कधी शेजारीही जातो. पहाटे आकडा काढून तार गुंडाळली की पुरावा म्हणून जमिनीत खुंट्यांची भोकं तेवढी उरतात.

अशा रात्री गस्त घालणारा वनरक्षक हातात काठी आणि बॅटरी घेऊन चालतो. समोर तार दिसली की पहिल्यांदा तो वीज उपकेंद्राला फोन करतो, लाइन बंद करा म्हणून. ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तो जागचा हलू शकत नाही. एका बीटला, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीला, हजार हेक्टरांच्या वर जंगल आणि माणूस एक. सोबत मिळाला तर एखादा वनमजूर. आता वनखातं आणि महावितरण मिळून गस्त घालतात, रात्री एखादी लाइन पुन्हा पुन्हा ट्रिप झाली की त्यावरून संशयाची जागा हेरतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण तिला कोणाच्या साक्षीची वाट पाहावी लागत नाही.

2017 च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा वाघ अशाच शेताभोवतीच्या तारेला लागून मेला. ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा तो बछडा. त्याला पुरून टाकण्यात आलं होतं. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून शोध सुरू झाला आणि सगळं बाहेर आलं. मला तेव्हापासून एक विचार सोडत नाही. चितळाच्या गळ्यात कॉलर नसते. ते नाहीसं झालं तर शोधायला कोण निघणार? एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. ती बारा घरांतल्या चुलींवर गेली तर वाघ गावाच्या गोठ्याकडे वळतो, आणि मग तेच गाव आमच्या कार्यालयापुढे येऊन बसतं.

शेतकऱ्याची बाजू मी टाळणार नाही. माझाही बाप शेतकरीच होता. धान लोंबीला आलं की रात्र रात्र मांडवावर बसून डबा बडवावा लागतो. डोळा लागला तर सकाळी अर्धं शेत साफ. नुकसानभरपाई आहे, पण ती सातबारा पाहून मिळते आणि बटईनं शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. अशा माणसाच्या मनात तारेचा विचार येतो तेव्हा त्याला राक्षस म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्याला मी एवढंच सांगत आलो की सौर कुंपण बसव. त्यातही वीजच आहे, पण ती सलग वाहत नाही, क्षणभराचा झटका देऊन थांबते. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. सरकारी योजनेतून त्याला अनुदानही मिळतं. रोही म्हणजे नीलगाय आणि डुकरांचा उपद्रव फारच वाढला तर रीतसर परवानगी मागायची वाटही कायद्यात ठेवलेली आहे.

पण सगळेच फास शेत वाचवायला लावलेले नसतात. त्या बोडीजवळ मैलभर शेत नव्हतं. तो फास मटणासाठी होता, आणि ते मटण गावात खाल्लं जाणार नव्हतं. तालुक्याच्या गावातून मोटारसायकलवर येऊन दुप्पट भावानं घेऊन जाणारी, चांगली पगारदार माणसं असतात. पाहुण्यांना ‘आज वेगळं आहे’ म्हणून कौतुकानं वाढतात. श्रोतेहो, आज हे ऐकणाऱ्यांत असं ताट कोणापुढे आलं असेल, तर त्या तारेचा पैसा त्या ताटानं दिला हे मला स्पष्ट सांगायचं आहे. फास लावणारा गरीब पकडला जातो, त्याची जामिनाची धावपळ होते, बायकोच्या अंगावरचा दागिना गहाण पडतो. घेणारा सापडत नाही. मांस विकत घेणं हाही गुन्हाच आहे, पण माझ्या नोकरीत घेणाऱ्यापर्यंत आम्ही फार क्वचित पोचलो. याची मला आजही खंत आहे.

अशाच प्रकरणात पहिला संशय पारधी वस्तीवर घ्यायची वाईट सवय आमच्या खात्यालाही होती. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण शिक्का गेला नाही. वस्तीत जाऊन चार पोरं उचलून आणणं सोपं असतं. तपास झाल्याचं समाधान मिळतं आणि खरा माणूस मोकळा राहतो.

मग येतं न्यायालय. आमचे खटले पोलिसांच्या दोषारोपपत्रासारखे चालत नाहीत. वनाधिकारी स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करतो. अशा खटल्यात आरोप निश्चित होण्याआधी एकदा साक्षी होतात आणि आरोप ठेवल्यावर त्याच साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावलं जातं. म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या पंचानं मजुरी बुडवून दोनदा यायचं. वर तारखा पडतात त्या वेगळ्या. तीन-चार वर्षं उलटतात. तोवर आरोपीच्या घरातली सोयरीक पंचाच्या भावकीत झालेली असते. मग पंच फितूर होतो. म्हणतो, सही माझी आहे, पण कोऱ्या कागदावर घेतली.

राजस्थानातलं सलमान खानचं प्रकरण आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. जोधपूरजवळच्या कांकाणी गावात 1998 च्या ऑक्टोबरमध्ये दोन काळविटं मारली गेली. जोधपूरच्या न्यायालयानं 5 वर्षांची शिक्षा सुनावली ती 5 एप्रिल 2018 ला. मध्ये जवळजवळ 20 वर्षं गेली. पुढे जामीन झाला, अपील झालं. त्याच काळातल्या चिंकाऱ्यांच्या प्रकरणांत मात्र उच्च न्यायालयानं 2016 साली त्याला निर्दोष सोडलं. तिथं जीपच्या चालकाची उलटतपासणी झाली नव्हती, त्यामुळे त्याच्या जबाबावर भिस्त ठेवता आली नाही. कांकाणीत काय वेगळं होतं? बंदुकीचा आवाज ऐकून घरातून धावत आलेले, काळविटाला पवित्र मानणारे बिश्नोई गावकरी. वीस वर्षं गेली, समोर देशभर गाजलेला नट होता, तरी ते साक्षीवरून हलले नाहीत.

आमच्या बोडीवर त्या सकाळी शेवटी एक माणूस पुढे आला. फाट्यावर मोटारसायकल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान चालवायचा. त्याच्या मागोमाग तेंदूपत्ता तोडणाऱ्यांतलीच एक बाई म्हणाली, “मी बी करतो सई.” दोन पंच झाले. मोजमापं घेतली, फोटो काढले, तार जशीच्या तशी सोडवून सील केली. दुकानदार उकिडवा बसून ती तार बराच वेळ पाहत होता. तीन माणसं पुढे पकडली गेली, दोघं त्याच्याच गावची.

पाचव्या वर्षी उलटतपासणी लागली. त्याआधी तो सहा तारखांना येऊन परत गेला होता. दरवेळी दुकान बंद ठेवून, दोन एसट्या बदलून. गावात त्या दोन घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. एका पोळ्याला त्याच्या दारी बैल आलेच नाहीत, हे त्यानं मला ओघात सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. त्या बाई मात्र आल्या नाहीत. मुलानं येऊ दिलं नाही, असं कळलं.

सील फोडून तार त्याच्यापुढे ठेवली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, अशा तारा बाजारात शेकड्यानं मिळतात, मग हीच ती कशावरून?

त्यानं न्यायाधीशांना हात जोडले आणि तार उचलली. म्हणाला, “साहेब, ही मोटारसायकलची क्लच वायर हाय. मी दिवसातून दोन बसवतो. हिच्या टोकाचा शिशाचा गोळा पान्यानं ठेचून काहाडला हाय, हे पाहा. अन् गाठीले चार वेढे हायेत. त्या दिवशी मी मोजले होते.”

न्यायाधीशांनी तार जवळ मागवली आणि चष्मा काढून वेढे मोजले. चार होते.

तिघांपैकी दोघांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी तो न्यायालयात नव्हता. मी त्याच्या दुकानात सांगायला गेलो, तेव्हा तो एका गाडीखाली आडवा पडला होता. तसाच पडल्या पडल्या म्हणाला, “बसा साहेब, चहा सांगतो. त्या बाईले बी सांगून या. तिनं बी सई केली होती.”